चार बोटांचं अंतर

पॅड धरणं हे काम असतं, हे माझ्या सासऱ्यांना शेवटपर्यंत पटलं नाही. "समोरचा मारणार आणि तुम्ही नुसता हात पुढे करणार, ह्याला नोकरी म्हणतात?" असं त्यांनी एकदा भर पंगतीत विचारलं होतं. मी इतका चिडलो होतो की ताट तसंच ठेवून उठलो. आता ते नाहीत आणि मला तो प्रश्न बरोबर वाटतो, म्हणजे वाद घालायचीही सोय उरली नाही.

पॅड म्हणजे तळहातावर चढवायची चामड्याची जाड गादी. शिकणारा तिच्यावर ठोसे मारतो आणि धरणारा ते झेलतो. अंधेरी पश्चिमेला एका जिममध्ये मी बरीच वर्षं हेच करतो आहे. हुद्दा स्ट्रायकिंग कोच. आमच्याकडे हात, पाय, कुस्ती असं सगळं एकत्र करून पिंजऱ्यात लढायला शिकवतात. त्यातले हात माझ्याकडे. लाथांचा कोच वेगळा आणि कुस्तीचा वेगळा. तो कोल्हापूरकडचा आहे, आणि मनात आलं ते पोटात ठेवणं त्याला जमत नाही.

मी स्वतः बॉक्सर होतो. आमचं घर वाकोल्यात. वडील मराठवाड्यातून आलेले आणि महापालिकेच्या पाणीखात्यात चावीवाले, म्हणजे वेळ झाली की रस्त्यातला व्हॉल्व्ह फिरवून गल्लीला पाणी सोडायचे. बुद्धविहारामागे एक पत्र्याची शेड होती, तिथे संध्याकाळी बॉक्सिंग चालायचं. शिकवणारे सर गोदीत कामाला होते, तरुणपणी गोदीच्या टीमकडून खेळलेले. त्यांच्या नाकाचं हाड जागेवर नव्हतं आणि बोलणं मात्र अगदी जागेवर असायचं. पॅड ते दगडासारखे धरायचे. ठोसा दोन बोटं कमी पडला तर पडू द्यायचे, हात हवेत गेला की हसायचे. म्हणायचे, "पॅड म्हणजे समोरच्याचं डोकं, भावा. डोकं काय तुझ्या हाताकडे चालत येणारेय काय? तुलाच जायचंय तिथपर्यंत." मी खांदा निखळेपर्यंत हात लांब करायचो.

राज्यापर्यंत खेळलो. खेळाडूंच्या कोट्यातली नोकरी लागेल म्हणून चार ठिकाणी चकरा मारल्या, ती काही लागली नाही. मग व्यावसायिक झालो. हा शब्द फार मोठा वाटतो. आमच्या लढती उपनगरातल्या हॉटेलांच्या हॉलमध्ये व्हायच्या, जिथे आदल्या दिवशी कुणाचं तरी रिसेप्शन झालेलं असायचं. रिंगभोवती गोल टेबलं, टेबलांवर लोक पनीर टिक्का खात बसलेले. एकदा मी खाली पडलो तेव्हा रिंगच्या दोरीखालून मला वेटरचे पॉलिश केलेले बूट दिसले होते. पुढे मला बाहेरही बोलावू लागले. दोनदा बँकॉकला आणि एकदा दुबईला गेलो. घरच्यांना वाटायचं पोरगा परदेशात लढतो. खरं असं होतं की तिथल्या नव्या, चढत्या पोरांना जिंकायला कुणीतरी लागतं, जो बरा दिसेल, पळून जाणार नाही आणि शेवटी हरेल. असा माणूस म्हणून माझं नाव झालं होतं. मला ते कळायचं, पण रिंगमध्ये शिरताना दर वेळी वाटायचं की आज ह्यांची गणितं चुकवतो. ती एकदाही चुकली नाहीत.

दुबईच्या लढतीत समोरच्याच्या ग्लोव्हचा अंगठा माझ्या डाव्या डोळ्यात गेला. परत आल्यावर डोळ्याच्या कोपऱ्यात काळी सावली दिसायला लागली. पुढची लढत ठरलेली होती म्हणून मी दोन महिने ती सावली अंगावर काढली. डॉक्टरांकडे गेलो तोपर्यंत आतला पडदा सुटला होता. ऑपरेशन झालं आणि पडदा चिकटला, पण त्या डोळ्याने मला आजही भाताच्या वाफेतून बघितल्यासारखंच दिसतं. डॉक्टरांनी बॉक्सिंग बंद म्हणून सांगितलं. मी बाहेर सगळ्यांना सांगितलं की खांदा गेला. खांदा गेलेला बॉक्सर कोच होऊ शकतो. डोळा गेलेल्याच्या हाती पॅड कोण देणार? खरं काय ते फक्त बायकोला ठाऊक होतं.

एका डोळ्याने दिसतं सगळं. फक्त किती लांब आहे ते कळत नाही. चहा कपाबाहेर ओतला जातो. शर्ट खुंटीच्या अलीकडे सोडला जातो आणि जमिनीवर पडतो. बायको सुरुवातीला रडायची, मग न बोलता उचलून टांगायला लागली.

जिमचा मालक मुलुंडचा, माझ्याहून दहा वर्षांनी लहान. त्याने मला घेतलं तेव्हा एकच गोष्ट सांगितली. "सर, क्लायंटला आवाज पाहिजे. ठोसा मारला की फाट्कन वाजला पाहिजे. तो खूश, तर मी खूश." आमच्याकडे येणाऱ्यांत बँकवाले असतात, मालिकांमधले नट असतात, लग्न ठरलेल्या पोरी असतात. त्यांना लढायचं नसतं, घाम काढायचा असतो आणि आपण कुणीतरी आहोत असं तासभर वाटून घ्यायचं असतं. त्यात वाईट काही नाही. आवाज काढायची युक्ती सोपी आहे. ठोसा येत असताना पॅड पुढे नेऊन त्याला मध्येच गाठायचं, टाळी दिल्यासारखं. कितीही मऊ हात असला तरी फटाका वाजतो.

शेडमधल्या सरांनी हे बघितलं असतं तर माझ्याशी बोलणं सोडलं असतं. मलाही पहिले काही महिने लाज वाटायची. पण ह्या युक्तीत माझी एक सोय होती, ती मी कुणाला सांगितली नाही. ठोसा कुठे येऊन पोचणार ह्याचा अंदाज मला लागायचा नाही. पॅड जागेवर धरून उभा राहिलो की कधी मनगटावर बसायचा, कधी कोपरावर. तेच मी पुढे जाऊन ठोशाला गाठलं की अंदाजाची गरजच उरायची नाही. खांदा हलला की मी निघायचो, हाताला हात भेटायचा. हळूहळू ती सवय झाली. मी पॅड पुढे नेतो आहे हे मलाच कळेनासं झालं. माझ्या पॅडच्या आवाजाचं कौतुक व्हायला लागलं, लोक मुद्दाम माझी वेळ मागून घ्यायला लागले, आणि त्या कौतुकाने मी शेफारलो.

ती पोरगी जिममध्ये आली तेव्हा बाविशीत असेल. मानखुर्दची. आजोबा गिरणीत होते, घर मूळचं मालवणाकडचं, वडील लहानपणीच गेलेले आणि आई एका शाळेत डबे भरायला. ही स्वतः एका लॅबमध्ये होती, सकाळी घरोघरी जाऊन लोकांचं रक्त काढून आणायची. कबड्डी खेळलेली असल्यामुळे पाय असे हलके की फरशीला कळू नये. पहिल्या दिवशी तिने मला विचारलं, "सर, मला क्लायंट करू नका. मला लढायचंय. जमेल का ते सरळ सांगा." मी तिला सहा राऊंड पळवलं. सहाव्यानंतर ती कोपऱ्यात जाऊन ओकली, तोंड धुऊन आली आणि पुन्हा गार्ड घेऊन उभी राहिली. मी म्हटलं, जमेल.

चार वर्षं मी तिचे पॅड धरले. दुसऱ्या कुणाचे पॅड तिला चालायचे नाहीत. "तुमच्या हातावर बसतं तसं कुणाच्याच हातावर बसत नाही," असं म्हणायची, आणि मी तिन्हीत्रिकाळ मान डोलवायचो. मला मूल नाही. ती माझी मुलगी होती वगैरे मी म्हणणार नाही, तसं काही नव्हतं, माझ्याशी ती कामापुरतंच बोलायची. पण सकाळी उठलो की आज तिला काय शिकवायचं हाच पहिला विचार मनात यायचा. मी लढलो तेव्हा हरायला बोलावलेला माणूस होतो. ही तशी होऊ नये एवढीच माझी इच्छा होती.

लहानसहान लढती ती जिंकली, बहुतेक कुस्तीच्या जोरावर. समोरचीला उचलून खाली आणायची आणि दाबून धरायची. कुस्तीवाला खूश असायचा. मी मात्र सगळ्यांना सांगायचो की हिचे हात अजून कुणी बघितलेलेच नाहीत.

मग ती लढत आली. बाहेरच्या एका मोठ्या कंपनीची माणसं बघायला येणार होती. जिंकली तर करार, म्हणजे वर्षातून तीन-चार लढती आणि लॅबमधून सुटका. तिने नोकरी सोडली आणि तीन महिने दिवसातून दोनदा जिमला यायला लागली. समोरची मुलगी मणिपूरची होती, बुटकी, भक्कम, खाली न पडणारी. कुस्ती चालणार नव्हती. आम्ही ठरवलं, हातांवर जिंकायचं. जॅब, म्हणजे पुढच्या हाताचा सरळ ठोसा, मारून तिला लांब ठेवायचं. सगळी मदार माझ्या कामावर होती आणि मला त्याचा अभिमान होता.

लढतीच्या तीन आठवडे आधी कुस्तीवाला माझ्याकडे आला. "मास्तर, राग मानू नका. पोरगीचा हात चार बोटं कमी पडतोय. स्पारिंगला बघतोय मी. पॅडवर बंदूक आणि माणसावर काहीच नाही." मी त्याला म्हणालो, "तू तुझा लंगोट सांभाळ, हाताचं मी बघतो." तो खांदे उडवून गेला. हे मी मुद्दाम लिहितो आहे, कारण मला कुणी सांगितलं नाही असं म्हणायची माझी सोय नाही. स्पारिंगमध्ये, म्हणजे सरावाच्या लढतीत, तिचा जॅब समोरच्याच्या नाकापुढे थांबतो, हे मलाही दिसायचं. मी समजायचो की ती हात राखून मारते आहे, जोडीदाराला लागू नये म्हणून.

लढत मुलुंडला एका क्रीडासंकुलात झाली. पहिल्या राऊंडला ती सुरेख उभी राहिली. पाय, गार्ड, खांदा, सगळं मी शिकवलं तसं. जॅब सुटला आणि थांबला. पुन्हा सुटला, पुन्हा थांबला. समोरची मुलगी मागे सरकतही नव्हती. तिला दोन मिनिटांत कळलं होतं की हा हात येतो पण पोचत नाही. तो परत जाताना ती त्याच्यामागून आत शिरायची आणि मारायची. प्रेक्षकांत कुणीतरी ओरडलं, "अगं हात लाव ना तिला!" लोक हसले.

राऊंड संपला. मी स्टूल ठेवला, तिच्या तोंडातला गार्ड काढला. ओठ फाटला होता. तिने माझ्याकडे बघितलं आणि म्हणाली, "सर, पोचत का नाहीये? मी पूर्ण मारतेय."

माझ्याकडे एक मिनिट होतं. त्या मिनिटात मी खूप काही बोलू शकलो असतो. अर्धं पाऊल आत ठेव, एवढं म्हटलं असतं तरी पुरलं असतं. मी काय म्हणालो ते सांगतो. मी म्हणालो, "तू घाबरतेयस. घाबरून हात मागे घेतेयस. दात आवळ आणि आत घुस."

तिने मान हलवली. चार वर्षांत तिने माझं एकही वाक्य खोटं धरलं नव्हतं. दुसऱ्या राऊंडला ती डोळे मिटल्यासारखी आत घुसली आणि समोरून आलेला ठोसा तिच्या जबड्यावर बसला. ती बाजूला पडली, पाय वाकडा दुमडून. पंचाने लगेच हात हलवून लढत थांबवली. मी आत गेलो तेव्हा ती छताकडे बघत होती आणि काहीतरी पुटपुटत होती. वाकून ऐकलं. "घाबरले नाही, सर. घाबरले नाही." जबडा दोन ठिकाणी मोडला होता, त्यामुळे शब्द नीट येत नव्हते.

पुढच्या आठवड्यात मी तिच्या घरी गेलो. नव्या इमारतीतली खोली, सातवा मजला, लिफ्ट बंद. तिचे दात तारेने बांधले होते, ती वाटीतलं पातळ काहीतरी स्ट्रॉने ओढत होती. मोबाइलवर टाइप करून तिने मला दाखवलं, तुम्ही बरोबर होता सर, मी घाबरले. मी वाचलं आणि फोन परत दिला. तिची आई चहा घेऊन आली. मालवणीत म्हणाली, "माका त्यातला काय कळणा नाय. पण ती सांगता, सरांची काय चूक नाय." मी चहा प्यालो. तोपर्यंत माझीही तशीच समजूत होती, एवढंच माझ्या बाजूने म्हणता येईल.

चूक कळली ती त्यानंतर आठेक दिवसांनी. आमच्या जिममध्ये एक मुलगी मोबाइलवर व्हिडिओ काढून टाकायचं काम करते. जुन्या चित्रीकरणातून तिने माझा आणि त्या लढवय्या पोरीचा एक व्हिडिओ बनवला होता, एकदम संथ केलेला, म्हणजे घामाचे थेंबसुद्धा मोजता यावेत असा. मला कौतुकाने दाखवायला आणला. "सर, बघा ना, काय झकास आलाय." मी उजव्या डोळ्याजवळ फोन धरून बघितला. तिचा खांदा हलला. हात निघाला. आणि माझा पॅड तिच्या दिशेने निघाला. अर्ध्या वाटेत दोघे भेटले. पुन्हा तेच. पुन्हा तेच. एकदाही माझा हात जागेवर थांबला नव्हता. तिचा ठोसा जिथे संपायला हवा होता तिथे मी त्याला कधी पोचूच दिलं नव्हतं. चार वर्षं रोज शेकडो वेळा मी तिच्या खांद्याला शिकवत होतो की माणूस इथे आहे, आणि माणूस तिथे नव्हता. चार बोटं पलीकडे होता. व्हिडिओखाली लोकांनी टाळ्यांची चित्रं टाकली होती.

मी बाथरूममध्ये जाऊन बसलो. कुणाला सांगायचं तर डोळ्याचं सांगावं लागलं असतं, आणि डोळ्याचं सांगितलं की नोकरी गेली. पंचेचाळिशीच्या, हरलेल्या, एका डोळ्याच्या बॉक्सरला दुसरं कोण ठेवून घेणार? बायकोची शिलाईची कामं आणि माझी ही नोकरी, एवढ्यावर घर चालायचं. मी स्वतःला सांगितलं, आधी तिचा जबडा भरू दे. मग म्हटलं, तारा निघू देत. मग म्हटलं, आता ती सावरली असेल, जुनं कशाला उकरायचं. असे तीन महिने गेले. बायकोला मी व्हिडिओचं सांगितलं तेव्हा ती हातातलं कापड खाली ठेवून म्हणाली, "अहो, तिला आधी फोन करा." मी तिच्यावर ओरडलो. तिला म्हणालो, तुला ह्यातलं काय कळतं. ती पुन्हा मशीन चालवायला लागली.

मधल्या काळात तिने लॅबची नोकरी परत धरली असं कुस्तीवाल्याकडून कळलं. तो तिला दोनदा भेटून आला होता. म्हणाला, "पोरगी म्हणतेय, माझ्यात कलेजाच नाही. असं कसं झालं तिला, मास्तर? असली नव्हती ती." मी बुटाची नाडी बांधत राहिलो.

शेवटी माझं तोंड उघडलं तेही माझ्या हिमतीने नाही. एका दुपारी मालक नवे पॅड घेऊन आला. त्याने ते माझ्याकडे टाकले, माझ्या हातातून सुटले आणि खाली पडले. तो हसून म्हणाला, "सॉरी सर, विसरलोच. तुमच्या डाव्या बाजूला नाही टाकायचं." मी विचारलं, म्हणजे? "अरे यार, डोळा ना तुमचा. सगळ्यांना माहितेय. तुम्ही पाण्याची बाटली घेताना दोनदा चाचपता. पहिल्या वर्षीच लक्षात आलं होतं माझ्या." मी विचारलं, मग काढलं का नाही मला? त्याला प्रश्नच समजला नाही. "कशाला काढू? क्लायंट खूश आहेत ना? आवाज तर एक नंबर येतो तुमचा."

नोकरीला कधी धोकाच नव्हता. जे झाकायला मी त्या पोरीला घाबरट ठरवून ठेवलं, ते झाकलेलंच नव्हतं. मी जिन्यात उभा राहून लॅबला फोन लावला. सरळ तिला फोन करायचा धीर त्या दिवशीही झाला नाही. उपाशीपोटीची साखर तपासायची आहे असं सांगितलं आणि रक्त घ्यायला तिलाच पाठवा म्हटलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी सात वाजता ती आली. पांढरा कोट, खांद्याला पेटी. जबडा एका बाजूला किंचित बसका झाला होता. दारात मला बघून थबकली नाही, कागदावर नाव वाचूनच आली असणार. "बसा सर. हात पुढे करा." तिने दंडाला पट्टा बांधला, बोटाने शीर चाचपली, सुई घातली. बायको आत ओट्याशी होती, भांड्यांचा आवाज तिने थांबवला होता.

मी सांगितलं. डोळ्यापासून सुरुवात केली आणि पॅडपर्यंत आलो. व्हिडिओचं सांगितलं. कोपऱ्यात स्टुलावर मी जे बोललो ते चूक होतं, ती घाबरली नव्हती, तिचा हात पूर्ण सुटत होता, मीच त्याला आखूड करून ठेवलं होतं, असं स्वच्छ शब्दांत सांगितलं.

तिने नळी भरू दिली, सुई काढली, कापूस ठेवला. नळीवर माझं नाव लिहिलं. अक्षर स्थिर होतं.

"म्हणजे मी घाबरले नव्हते," ती म्हणाली.

"नाही."

"तुम्हाला कधी कळलं हे?"

मी म्हटलं, तीन महिने झाले.

तिने नळी पेटीत ठेवली, झाकण लावलं. मग म्हणाली, "गेल्या महिन्यात त्या बाहेरच्या कंपनीचा फोन आला होता, सर. त्यांची एक मुलगी जखमी झाली, जागा होती. दोन महिने तयारीला देत होते. त्यांना पहिला राऊंड आवडला होता म्हणे माझा, पाय आवडले होते." तिने पेटीची कडी लावली. "मी नाही म्हणून सांगितलं. म्हटलं, घाबरट माणसाने कशाला जागा अडवायची."

"परत फोन कर त्यांना," मी म्हणालो. "मी बोलू का? आत्ता बोलतो."

"दुसरी घेतली त्यांनी. नाही म्हटलेल्याला परत विचारत नाहीत, त्यांनी तेव्हाच सांगितलं होतं."

तिला अजून पाच घरं करायची होती. तिने पट्टा गुंडाळला, कोटाच्या खिशातून कागद काढून पुढचा पत्ता बघितला आणि चपला घातल्या. बायकोने चहाचं विचारलं तर नको काकू म्हणाली. रिपोर्ट संध्याकाळी मोबाइलवर येईल, असं मला सांगितलं. गेल्या महिन्यात मी रोज जिमला गेलो होतो, रोज पॅड धरले होते, आणि तिचा नंबर माझ्या फोनमध्ये होता.